सीन बदला, घर बदलू नका

(एप्रिलमधल्या जयंती सप्ताहात, दिल्लीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



जयंतीच्या आठवड्यातल्या भाषणांचे विषय ठरलेले असतात. संविधान, शिक्षण, प्रतिनिधित्व. मी आज सिटकॉमबद्दल बोलणार आहे. सिटकॉम म्हणजे टीव्हीवरची किंवा ओटीटीवरची ती अर्ध्या तासाची विनोदी मालिका. तिच्यासाठी ज्या संहिता स्पर्धा निघतात, त्यांत भाग घेणाऱ्या आपल्या मुलामुलींबद्दल मला बोलायचं आहे. विषय सांगितला तेव्हा आयोजकांनी विचारलं, "नक्की ना?" नक्की. कारण हाही प्रतिनिधित्वाचाच विषय आहे, आणि या खोलीत किमान चार जण अशी संहिता लिहीत आहेत हे मला माहीत आहे.

माझं पीएचडीचं काम विनोद लिहू पाहणाऱ्यांवर आहे. गेल्या वर्षी एका खासगी कंपनीने सिटकॉम संहितांची स्पर्धा जाहीर केली. तिच्यासाठी लिहिणाऱ्या सात जणांच्या गटाबरोबर मी पाच महिने बसत होते. कुणी पुण्यात, कुणी नागपुरात, कुणी हैदराबादला, दोघं इथे दिल्लीत. दर रविवारी रात्री ऑनलाइन भेट. सातही जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर. स्पर्धेने मागितलं होतं ते असं: पहिल्या भागाची तीसेक पानांची संहिता, पात्रांची ओळख, पुढच्या सहा भागांची दोन-दोन ओळींत कल्पना. आणि एक अट: संहितेच्या पानांवर लेखकाचं नाव नको. ही अट वाचून सगळे खूश झाले होते. आडनाव दिसणारच नाही, म्हणजे मामला सरळ.

मामला तितका सरळ का नसतो, हे समजून घ्यायला आधी एका जुन्या स्पर्धेकडे जाऊ.

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. दक्षिणा म्हणजे पेशवाईत ब्राह्मणांना वाटली जाणारी रक्कम. इंग्रजी अमलात त्या निधीतला काही भाग मराठी पुस्तकांना बक्षिसं देण्यासाठी वापरला जाऊ लागला. नाटकात एक गरोदर कुणबी बाई आहे, तिचा नवरा आहे, ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी आहे, एक पाद्री आहे, आणि या सगळ्यांच्या मधे उभा राहून शेरे मारणारा विदूषक आहे. शेवटी नवरा-बायको शाळेत जाऊन शिकायचं ठरवतात. म्हणजे बघा, दक्षिणा उकळणाऱ्यावरचं नाटक, दक्षिणेच्याच पैशातून चालणाऱ्या कमिटीकडे, बक्षिसासाठी! नाटकातला पहिला विनोद पाकिटावरच झाला होता. कमिटीने नाटक नाकारलं. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, हे जोतीरावांनी पुढे १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवलं आहे. नाटक छापून यायला १९७९ साल उजाडलं.

या गोष्टीतला विदूषक मला फार महत्त्वाचा वाटतो. संस्कृत नाटकातला विदूषक जातीने ब्राह्मण असतो, राजाचा मित्र असतो, खादाड असतो. त्याची थट्टा राजाला सोसते, कारण त्या थट्टेने राजाचं काही बिघडत नाही. जोतीरावांनी या विदूषकाला राजाच्या शेजारून उठवलं आणि प्रेक्षकाच्या शेजारी आणून बसवलं. जोशी काय करतोय, ते तो आपल्याला उलगडून दाखवतो. विनोद कोणाच्या बाजूने बसून करायचा, हा प्रश्न मराठी नाटकात तेव्हाच विचारून झाला होता.

पुढे सत्यशोधक जलसे आले, भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे आले. तमाशातली बतावणी, सोंगाड्याची हजरजबाबी, हे सगळं त्यांनी प्रबोधनासाठी वापरलं. तमाशा जगवला तो प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी. तेव्हा 'आपल्या लोकांना विनोद जमेल का?' असं कोणी विचारलं, तर त्याला बतावणी म्हणजे काय ते विचारा. आजच्या भाषेत तिला स्केच म्हणतात आणि तिच्या कार्यशाळेला फी असते.

आता सिटकॉम. या शब्दाच्या पोटात 'सिच्युएशन' आहे, म्हणजे परिस्थिती. ही परिस्थिती दर आठवड्याला तीच राहते. माणसं सुटायची धडपड करतात आणि भागाच्या शेवटी जिथल्या तिथे येतात. अडकलेली माणसं, हे सिटकॉमचं इंजिन. याचं मला सर्वांत स्पष्ट वाटणारं उदाहरण ब्रिटनमधलं आहे.

रे गॅल्टन आणि ॲलन सिम्पसन हे दोन लेखक. तरुणपणी क्षयरोग झाला म्हणून सॅनिटोरियममध्ये होते, तिथेच त्यांची ओळख झाली. १९६२ साली त्यांनी बीबीसीसाठी लंडनच्या एका भंगारवाल्या बापलेकाची गोष्ट लिहिली. तिची पुढे 'स्टेप्टो अँड सन' ही मालिका झाली. मुलाला शिकायचंय, वाचायचंय, या भंगारातून बाहेर पडायचंय. बापाला तो जायला नकोय. पहिल्याच भागात मुलगा आपलं सामान गाडीवर लादतो आणि घर सोडायला निघतो, पण घोडा बापाचा. मग तो स्वतः गाडी ओढू पाहतो आणि गाडी जागची हलत नाही. लोक हसत होते आणि हसता हसता गप्प होत होते.

दहा वर्षांनी, १९७२ साली, अमेरिकेत हीच मालिका 'सॅनफर्ड अँड सन' या नावाने आली. आता भंगारवाले बापलेक काळे होते, लॉस एंजेलिसच्या वॉट्स या वस्तीतले. बापाचं काम रेड फॉक्सने केलं. काही भाग रिचर्ड प्रायर आणि पॉल मूनी या काळ्या विनोदकारांनी लिहिले. संकल्पना गोऱ्यांची, पण घर वॉट्समधलं झाल्याबरोबर बापलेकाच्या भांडणात वंशाची गोष्ट आपोआप आली. ती कोणाला मुद्दाम आणावी लागली नाही.

इथे एक मिनिट थांबून आपल्याकडे बघू. भारतात भंगार कोण गोळा करतं, हे या खोलीत मला सांगायची गरज नाही. त्यांच्या घरातली अर्ध्या तासाची विनोदी मालिका तुम्हाला आठवते का? आपल्या सिटकॉममधली घरं कोणती? 'साराभाई'मध्ये सासू-सुनेत वर्गाचा फरक आहे आणि त्यावर फार चतुर विनोद आहेत. 'तारक मेहता'च्या सोसायटीत गुजराती, मराठी, तमीळ, पंजाबी सगळे आहेत. गडा, भिडे, अय्यर, सोढी. प्रांत सगळे आहेत आणि जात जणू कोणालाच नाही. आपण अशा मालिकांत असलो तर दारावर असतो, वॉचमन किंवा कामवाली म्हणून, नाहीतर आपली बोली असते, दुसऱ्या कुणाच्या तोंडी, हसण्यासाठी.

आता आपल्या सात जणांच्या गटाकडे येते. त्यातल्या एका मुलीची संहिता सांगते. ती अमरावती जिल्ह्यातली. तिचं नाव सांगणार नाही, संहितेची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते आहे.

तिच्या गोष्टीतला मुलगा पाच वर्षं एमपीएससीची तयारी करतोय. निकाल लागत नाही, लागला तर स्थगिती येते, स्थगिती उठली तर वय उलटायला येतं. पण मोहल्ल्याने त्याला आधीच साहेब करून टाकलंय. रोज सकाळी दारात रांग. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाची निराधार योजना. फुकटचं सेतू केंद्रच. बाप एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. तो जुना पंच काढून रांगेतल्यांना टोकन टोचून देतो आणि "पुढे सरका, पुढे सरका" करतो. आई चहात किती पाणी घालायचं ते रांगेच्या लांबीवरून ठरवते. मुलाला अभ्यासाला वेळ मिळत नाही, कारण तो साहेब आहे. आणि तो साहेब होत नाही, कारण त्याला अभ्यासाला वेळ मिळत नाही. घोडा बापाचा, गाडी हलत नाही. तीच परिस्थिती.

पहिल्या भागात काय होतं? गावभराच्या जात पडताळणीचे अर्ज भरून देणाऱ्या या साहेबाचा स्वतःचा अर्ज अडकतो, कारण आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात मास्तरांनी जातीच्या रकान्यात भलतंच काही लिहून ठेवलंय. आजोबा विचारतात, "कागद आला का रे?" "आला." "काय म्हणते?" "कागद येणार नाही, असा कागद आला."

आम्ही हे वाचलं तेव्हा सातच्या सात जण हसले. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात तो कागद येऊन गेलाय.

स्पर्धेत पहिल्या फेरीनंतर काही निवडक संहितांना मार्गदर्शक मिळणार होते. तिला दोन मिळाले. दोघांचे मिळून चार शेरे आले, आणि मला आज जे सांगायचंय ते या चार शेऱ्यांतच आहे.

पहिला शेरा: दारातली रांग चौदाव्या पानावर येते, ती पहिल्या पानावर हवी. दुसरा: आजोबांचं भाषण तीन पानं चालतं, तेवढ्या वेळात कोणी काही करत नाही. तिसरा: या कुटुंबाची जात सांगायची खरंच गरज आहे का, गोष्ट त्याशिवायही चालेल आणि जास्त लोकांना आपली वाटेल. चौथा, दुसऱ्या मार्गदर्शकाचा: विषय इतका गंभीर आहे, मग यात वेदना कुठे आहे?

ती रविवारी रडकुंडीला येऊन म्हणाली, "सगळंच चुकलंय." गटातला एक जण म्हणाला, "काहीच चुकलेलं नाही, हे सगळे मनुवादी आहेत." आम्ही दोन तास भांडलो. त्या भांडणातून जी कसोटी निघाली ती माझ्या एकटीची नाही, गटाची आहे. शेरा आला की विचारायचं: हे दुरुस्त करायला मला सीन बदलावा लागेल की घर?

पहिले दोन शेरे सीनचे होते. रांग पहिल्या पानावर आणली की गोष्ट पहिल्या मिनिटात सुरू होते. आणि ही सुरुवात का महत्त्वाची, तर वाचणाऱ्यापुढे ढीग असतो. बीबीसीच्या रायटर्सरूमकडे खुल्या आवाहनाला हजारो संहिता येत, आणि पहिल्या चाळणीत संहितेची पहिली दहा पानं वाचायची, अशी त्यांची पद्धत राहिली आहे. दहा पानं म्हणजे साधारण दहा मिनिटं. तुमची परिस्थिती चौदाव्या पानावर असेल, तर ती कोणी वाचणारच नाही. आजोबांचं भाषणही तसंच. आपल्याला भाषणं आवडतात, मीही आत्ता तेच करते आहे. पण संहितेत आजोबा भाषण करत असताना बाप टोकन टोचत राहिला आणि आईने मधेच "छप्पन साल नंतर, आधी गॅसचा नंबर लावा" म्हटलं, की तेच भाषण विनोद होतं आणि आजोबांचा मानही जात नाही. हे शेरे तिने घेतले. घ्यायलाच हवे होते. प्रत्येक नकाराला जातीचं कारण दिलं, तर आपलं लिहिणं सुधारायची संधी आपणच घालवतो.

तिसरा शेरा घराचा होता. जात काढली की पडताळणी जाते, पडताळणी गेली की पहिला भाग जातो, साहेबाचं अडकणंही जातं. मग उरतं काय? एक बेरोजगार मुलगा आणि चहा. 'सगळ्यांना आपलं वाटेल' याचा अर्थ इथे एवढाच होता की वाचणाऱ्याला आपलं वाटेल. पानावरचं आडनाव झाकता येतं, पण पानातली भिंत, भिंतीवरचा फोटो, दाराबाहेरची रांग कशी झाकणार? नाव न दिसताही घर दिसतं, आणि कुठलं घर 'सर्वसाधारण' हे वाचणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं.

चौथा शेरा तर मला तिसऱ्याहून अवघड वाटतो, कारण तो सहानुभूतीतून येतो. दलित घर म्हटलं की वेदना पाहिजे. आपल्या आत्मकथनांनी मराठी साहित्याला हलवलं, त्याचा मला अभिमान आहे. पण ती लिहिली गेली सांगायचं होतं म्हणून. आता तीच मागणी झाली आहे: रडा, मग आम्ही वाचू. ज्या घरात माणसं नुसती भांडतात, टोमणे मारतात, चहात पाणी घालतात, त्या घराचं काय? सिटकॉममध्ये घर असणं म्हणजे दर आठवड्याला साध्या कारणांसाठी लोकांनी तुमच्या घरी येणं. मला हा हक्क छोटा वाटत नाही. १९९८ साली कॅरोलाइन अहर्न आणि क्रेग कॅश यांची 'द रॉयल फॅमिली' आली. मँचेस्टरचं एक कामगार कुटुंब सोफ्यावर बसून टीव्ही बघतं, बस्स, एवढीच मालिका. त्या सोफ्यावर कोणी गरिबीवर भाषण दिलं नाही.

अहर्न २०१६ साली गेली. पुढच्याच वर्षी बीबीसीने तिच्या नावाने उत्तर इंग्लंडमधल्या विनोदी लेखिकांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली, आणि काळ्या व इतर अल्पसंख्य समाजांतल्या विनोदलेखकांसाठी फेलिक्स डेक्स्टर या काळ्या विनोदी नटाच्या नावाने दुसरी. म्हणजे 'सर्वांना खुलं' असलेलं दार सर्वांना उघडत नाही, हे त्यांना कबूल करावं लागलं. आपल्याकडे असं काही सुचवलं की लगेच मेरिटचं काय होणार, हा प्रश्न येतो. आरक्षणावर विनोद करणाऱ्यांना मात्र त्यांच्या विनोदाचं मेरिट कोणी विचारत नाही.

आता आपल्या बाजूचीही एक गोष्ट बोलू. खाली बघून हसणं आपल्या घरातही आहे. आमच्या गटातल्या सात संहितांपैकी चारमध्ये जाडी मावशी होती आणि तिचं जाडं असणं हाच विनोद होता. दोनमध्ये आपल्याहून 'खालच्या' मानल्या गेलेल्या जातीचा शेजारी होता, बावळट म्हणून. साडी नेसलेल्या पुरुषावर तर आपण हमखास हसतो. कसोटी इथेही लागू आहे. मावशीला रांगेतली सर्वांत खमकी बाई करा, तिला स्वतःचं काम द्या, तिला पंच मारू द्या. बोलीचंही तसंच. वऱ्हाडी बोलली म्हणून हसू येत असेल तर तो शहराचा विनोद आहे. वऱ्हाडीत बोलून ती शहराला हसवते, तेव्हा तो तिचा.

आता थोडं व्यवहाराचं, कारण आपल्याला हे घरून कोणी सांगत नाही.

मुंबईत लेखनाची कामं बरीचशी ओळखीने मिळतात. आपल्याकडे ती ओळख नसते, म्हणून स्पर्धा हे आपल्यासाठी खरंच एक दार आहे. त्याला नाक मुरडू नका. पण फॉर्म भरण्याआधी नियमांतलं हक्काचं कलम वाचा. नुसता प्रवेश घेतल्याने संहितेचे हक्क आयोजकांकडे जात असतील, तर ती संहिता तिथे पाठवू नका. पाठवण्याआधी नोंदणी करा. मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही लेखकांची संघटना सभासदांना ऑनलाइन नोंदणीची सोय देते. आणि २०१२ साली कॉपीराइट कायद्यात झालेली दुरुस्ती माहीत असू द्या. तिने लेखकाचा रॉयल्टीचा हक्क असा बांधला की तो निर्मात्याला लिहून देऊन टाकता येत नाही. "सगळे असंच सही करतात" असं कोणी म्हटलं तर हे आठवा. कागद वाचायची सवय आपल्याला बाबासाहेबांनी लावली आहे, ती करारापुढे मोडू नका.

एकटे लिहू नका. पाच जण जमवा, पात्रं वाटून घ्या आणि संहिता मोठ्याने वाचा. कुठे हसू आलं तिथे पेन्सिलने खूण करा. दोन पानं खुणेशिवाय गेली तर तिथे काम करा. याला पैसे लागत नाहीत. वेळ लागतो, आणि तो आपल्याकडे कमी असतो हेही मला ठाऊक आहे. सातपैकी तिघं नोकरी सांभाळून लिहीत होते, आणि एकाने घरून फोन आल्यावर मधेच सोडलं. स्पर्धा नाव झाकते, पण कोणाला सहा महिने बिनपगारी लिहिता येतं, हे तिला झाकता येत नाही. म्हणून गट हवा. एकाचं राहिलं तर दुसऱ्याने त्याची पानं टाइप करावीत.

त्या मुलीची संहिता अंतिम यादीत आली नाही. तिने रांग पहिल्या पानावर आणली, भाषण तोडलं, आणि जात पडताळणी तशीच ठेवली. आता तीच संहिता दुसऱ्या एका स्पर्धेत आहे. निकाल लागायचाय. तिच्या साहेबासारखाच.

बऱ्याच फॉर्मवर शेवटी एक रकाना असतो: ही गोष्ट तुम्हीच का लिहावी? आपली मुलं तिथे आपल्या हालअपेष्टांचं पानभर निवेदन लिहितात. तुम्ही दोन ओळी लिहा. त्या घरात कोण कोणाला काय म्हणून चिडवतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि ते ऐकून कोण आधी हसतं तेही. लेखकाला एवढी पात्रता पुरते.

दर रविवारी रात्री नऊला आमचं वाचन असतं. ज्यांच्याकडे दहा पानं आहेत त्यांनी दहा आणा, ज्यांच्याकडे एक आहे त्यांनी एक.

जय भीम.